ओल, केशपात आणि 'मद्' धातु : व्युत्पत्तीच्या पुराव्याची चिकित्सा

ग्रीक भाषेंत 'मदाओ' असें एक क्रियापद आहे. कोशांत त्याचे दोन अर्थ दिलेले असतात : एक, ओलें होणें, भिजून लिबलिबीत होणें, दुसरा, केस गळणें, टक्कल पडणें. हे दोन अर्थ एका शब्दांत कसे नांदतात याचें प्रथमदर्शनीं नवल वाटतें, आणि नवल वाटलें कीं तर्काला पाय फुटतात. संस्कृतांत 'मद्' आहे, मराठींत 'माज' आहे, नाशिकच्या लेण्यांत यवनाचा लेख आहे. तेव्हां हे सर्व एकाच सूत्रांत ओवावें, असा मोह पडण्यास वेळ लागत नाहीं. शब्दांच्या कुळांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें गेलें आहे त्यांत अशा ओवलेल्या माळा पुष्कळ आढळतात.

प्रस्तुत लेखांत या एका ग्रीक शब्दाच्या निमित्तानें त्या पद्धतीची परीक्षा करण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : अर्थाचें साम्य हा एक पुरावा, ध्वनींचें नातें हा दुसरा, आणि मधल्या काळांतील लेखी रूप हा तिसरा. तिघांचीं कामें निराळीं आहेत. एकाची साक्ष दुसऱ्याच्या नांवावर मांडली म्हणजे व्युत्पत्ति बिघडते. आणि तशा व्युत्पत्तीच्या बळावर कोणी पोथींतील पाठ सुधारूं लागला म्हणजे मूळ पुरावाच नाहींसा होतो. हें दुसरें नुकसान पहिल्याहून फार मोठें आहे.

प्रथम ग्रीक साक्ष पाहूं. केशपाताचा अर्थ आरिस्तोफानीस या नाटककाराच्या 'प्लूतोस' (इ. स. पू. ३८८) या प्रहसनांत मिळतो, तेथें एका जराजर्जर म्हाताऱ्याला ओळीनें जीं विशेषणें लावलीं आहेत त्यांत हा शब्द आहे. ओलेपणाचा अर्थ थिओफ्रास्तोस याच्या वनस्पतिविषयक ग्रंथांत, झाडांच्या रोगांच्या वर्णनांत, येतो. याच धातूपासून झालेलें 'मदारोस' हें विशेषण ओल्यालाहि लागतें व टकल्यालाहि लागतें. पापण्यांचे केस गळण्याच्या विकाराला नेत्रवैद्य आजहि 'मदारोसिस' म्हणतात, तें याच कुळांतलें. लॅटिन भाषेंतील 'मादेरे' या सगोत्र क्रियापदाचा अर्थ ओलें असणें, भिजणें. आणि त्यांतूनच दारूनें भिजणें, म्हणजे झिंगणें, असाहि अर्थ तेथें निघाला आहे. केसांचा अर्थ मात्र लॅटिनमध्यें नाहीं.

यावर एक उत्तर चटकन सुचतें. अंगांतील ओलावा वाढल्यामुळें केस जातात अशी ग्रीक वैद्यांची समजूत असेल आणि ती शब्दांत उतरली असेल, असें कोणी म्हणेल. परंतु अरिस्तॉटलचें मत नेमकें उलट आहे. प्राण्यांच्या उत्पत्तीविषयींच्या ग्रंथांत तो टक्कल पडण्याचें कारण उष्ण व स्निग्ध ओलाव्याची उणीव असें देतो, आणि झाडांच्या पानगळीशीं त्याची तुलना करतो. म्हणजे शास्त्रकार कोरडेपणाकडे बोट दाखवितो आणि भाषा ओलेपणाकडे. तेव्हां शास्त्रांतून शब्दाचा अर्थ निघाला नाहीं. शब्द शास्त्राच्या आधींचा, साध्या लोकांच्या पाहण्यांतला आहे.

तें पाहणें कोणतें हें समजण्यास मराठी मनुष्यास दूर जावें लागत नाहीं. आपण म्हणतों, छप्पर गळतें, घागर गळते. आणि त्याच तोंडानें म्हणतों, पानें गळतात, केस गळतात. गळती हा शब्द हौदाला लागतो तसाच डोक्यालाहि लागतो. गाळ, गाळणें, गाळणी, घाम गाळणें हे सर्व पाण्याच्या बाजूचे. पानगळ आणि गलितगात्र हे निखळून पडण्याच्या बाजूचे. थेंब सुटतो तसा केस सुटतो, एवढेंच यांतील रहस्य. दुसरा दाखला 'झड' या शब्दाचा. पावसाची झड लागते आणि झाडाचीं पानें झडतात, केसहि झडतात. हेमचंद्रानें बाराव्या शतकांत आपल्या प्राकृत व्याकरणांत 'शद्', म्हणजे गळून पडणें, या धातूच्या जागीं 'झड' हा आदेश सांगितला आहे. म्हणजे पडण्याचा अर्थ निदान तेव्हांपासून लेखांत आहे, आणि संततधारेचा अर्थ त्याच्या शेजारीं आपल्या बोलींत आहे. कातडें भिजत घातलें कीं त्यावरचे केस सुटूं लागतात, हें कातडीं कमावणाऱ्यास सांगावें लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. टकल्या माणसाला ग्रीकांचा नेहमींचा शब्द 'फालाक्रोस' हा होय, आणि त्याची फोड चकाकणें व टोंक अशा अर्थाच्या दोन पदांत करतात. तो स्थितीचा वाचक आहे. 'मदाओ' हा क्रियेचा वाचक आहे. मराठींतहि टक्कल ही स्थिति आणि गळणें ही क्रिया. आपण टकलाला तुळतुळीत म्हणतों, ओलें म्हणत नाहीं. परंतु केस जातांना ते 'गळतात' असेंच म्हणतों. तेव्हां ओल आणि टक्कल यांचा मेळ कसा बसतो, हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. मेळ घालावयाचा तो ठिबकणें आणि निखळणें या दोन क्रियांचा, आणि तो आपल्या घरांत रोज बसलेला आहे.

येथपर्यंत मराठीनें ग्रीकाच्या बाजूनें साक्ष दिली. पण ही साक्ष कशाची आहे? अर्थ असा बदलूं शकतो, एवढ्याचीच. 'गळणें' आणि 'मदाओ' यांत रक्ताचें नातें नाहीं. ध्वनींत त्यांचा कांहींच संबंध जुळत नाहीं. उलट ज्या मराठी शब्दांचें 'मदाओ'शीं दूरचें नातें आहे, ते केसांविषयीं चकार शब्द काढीत नाहींत. संस्कृत 'मद्' हा धातु हर्ष, उन्माद, धुंदी या अर्थीं ऋग्वेदापासून आहे. सोमाची तार ती मद, आणि हत्तीच्या गंडस्थलांतून पाझरतें तेंहि मद. या दुसऱ्या अर्थांत ओलीची जुनी खूण कांहीं शिल्लक असावी. लॅटिनमधील भिजलेला व झिंगलेला या अर्थांची जोडी पाहिली म्हणजे ओलेपणापासून धुंदीपर्यंतची वाट दिसूं लागते, आणि बहुतेक तुलनात्मक कोशकार 'मद्', 'मादेरे' व 'मदाओ' हीं तिन्ही एका मूळाचीं धरतात. संस्कृत 'माद्यति' पासून आपलें 'माजणें' आणि 'मत्त' पासून 'मातणें' हीं प्राकृतांतून नियमानें आलीं आहेत. म्हणजे माजलेला बैल आणि टकला ग्रीक म्हातारा हे शब्दांच्या वंशावळींत चुलत भाऊ निघतात. मात्र एकाकडे धुंदी गेली आणि दुसऱ्याकडे केसांची गळती. जो अर्थानें जुळतो तो नात्याचा नाहीं, आणि जो नात्याचा आहे तो अर्थानें जुळत नाहीं. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या तर दोन्ही हातच्या जातील.

आतां केवळ ध्वनिसाम्यानें कशी फसगत होते तें पाहूं. केस पुंजक्यापुंजक्यानें जाण्याच्या विकाराला ग्रीक वैद्य 'अलोपेकिया' म्हणत. तोच शब्द आजच्या वैद्यकांतहि चालतो. आपल्याकडे त्याला इंद्रलुप्त म्हणतात. एकांत 'लोप' ऐकूं येतो, दुसऱ्यांत 'लुप्त' डोळ्यांसमोर आहे, आणि रोगहि एकच! याहून अधिक काय पाहिजे, असें कोणासहि वाटेल. परंतु 'अलोपेकिया' हा शब्द 'अलोपेक्स' म्हणजे खोकड यावरून झाला आहे. खोकडाला लूत लागून त्याचे केस जातात त्यावरून रोगाला तें नांव पडलें. खोकडाच्या या ग्रीक नांवाची तुलना वैदिक 'लोपाश' या प्राणिनामाशीं करतात, ती निराळी गोष्ट; ती प्राण्याच्या नांवाची तुलना झाली, रोगाच्या नांवाची नव्हे. 'लुप्त' हें 'लुप्' म्हणजे तुटणें, नाहींसें होणें याचें रूप आहे आणि त्याला खोकडाशीं कर्तव्य नाहीं. येथें अर्थ जुळतो, ध्वनि जुळतो, आणि तरीहि व्युत्पत्ति खोटी ठरते.

याच्या उलट उदाहरण 'ओला' या शब्दाचें. 'आर्द्र' आणि 'ओला' हे शब्द शेजारीं ठेवले तर त्यांत एकहि वर्ण सारखा दिसत नाहीं. तरीहि हें नातें पक्कें आहे. कारण 'आर्द्र' याचीं 'उल्ल', 'ओल्ल' हीं प्राकृत रूपें हेमचंद्रानें नोंदविलीं आहेत. मधली पायरी लेखांत आहे, म्हणून दोन टोंकें कितीहि दूर असलीं तरी जिना अखंड आहे. अलोपेकिया आणि लोप यांच्यामध्यें पायरीच नाहीं. दोन टोंकें हाताशीं दिसतात, पण मध्यें पोकळी आहे.

नाशिकच्या वाचकास येथें आणखी एक शंका येण्याचा संभव आहे. नात्यानें नसेल तर उसनवारीनें ग्रीक शब्द आपल्याकडे आले नसतील काय? पांडवलेण्यांतील सतरावें लेणें दात्तामित्री येथील इंद्राग्निदत्त नामक 'योनक' यानें कोरविलें, असा तेथें स्पष्ट लेख आहे. जोगलटेंभी येथें १९०६ सालीं जो नाण्यांचा सांठा सांपडला त्यांत नहपानाचीं १३,००० हून अधिक नाणीं होतीं, आणि त्यांवर ग्रीक अक्षरें आहेत. मग यवन होते, त्यांचीं अक्षरें होतीं, तर त्यांचे शब्दहि राहिले असतील, असें म्हणावयास काय हरकत?

हरकत पुराव्याचीच आहे. इंद्राग्निदत्ताचा लेख वाचला तर तो स्वतःस योनक म्हणवितो खरा, परंतु त्याचें नांव, त्याच्या बापाचें धर्मदेव हें नांव, मुलाचें धर्मरक्षित हें नांव आणि लेखाची भाषा, सर्व आपल्या देशांतील आहेत. नहपानाच्या नाण्यावरील अक्षरें ग्रीक आहेत, पण त्या अक्षरांनीं जें लिहिलें आहे तें 'राजा क्षहरात नहपान' या अर्थाचें प्राकृत आहे. लिपि परकी, भाषा इथली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारला, तसा शब्दांवरहि देशी छाप बसलेला होता. ग्रीकांपासून आपण शब्द घेतले नाहींत असें नव्हे. होरा, केंद्र, जामित्र हे ज्योतिषाबरोबर आले. 'द्राख्मे' या नाण्यावरून द्रम्म व त्यावरून आपला दाम आला. पण उसने शब्द उसन्या वस्तूबरोबर येतात. भिजणें, झिंगणें आणि केस गळणें यांसाठीं कोणत्याहि समाजास परक्याच्या दारीं जावें लागत नाहीं. आणि 'मद्' तर यवनांचें नांवहि येथें ऐकूं येण्यापूर्वींच्या ऋग्वेदांत आहे. नातें आणि उसनवारी हे दोन निराळे दावे आहेत व प्रत्येकाला निराळा कागद लागतो.

अशा कागदाचें महत्त्व नाशिक या नांवावरूनच ठसठशीत दिसतें. नऊ शिखरांवर वसलें म्हणून 'नवशिख' आणि त्याचें नाशिक, ही व्युत्पत्ति आजहि सांगितली जाते. शूर्पणखेचें नाक येथें कापलें म्हणून नासिक, ही दुसरी. आतां लेख पाहावे. लेणें एकोणिसांत सातवाहन कुलांतील कण्ह राजाच्या वेळचा, इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमाराचा जो लेख आहे त्यांत लेणें करविणारा श्रमण महामात्र हा 'नासिक' येथील म्हटला आहे. भरहुतच्या स्तूपाच्या दानलेखांत नासिकच्या गोरक्षितेचें नांव आहे. पतंजलीच्या महाभाष्यांत 'नासिक्य' हें नगराचें नांव म्हणून आलें आहे, आणि टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानें दुसऱ्या शतकांत 'नासिका' असेंच नोंदविलें आहे. या चारहि साक्षींत 'व' नाहीं आणि 'ख' नाहीं. त्या काळच्या लेखांच्या प्राकृतांत 'नव' हा शब्द असा गिळला जात नसे, आणि 'ख' चा 'क' होण्याचा नियमहि नाहीं. तेव्हां नवशिख ही कल्पना अर्थानें कितीहि गोमटी असली तरी लेखांपुढें टिकत नाहीं. नासिकेची कथा नांवावरून निघाली कीं नांव कथेवरून पडलें, हा प्रश्न उरतो. पण शब्द नाकाचाच आहे, हें पतंजलीच्या वेळीं वैयाकरणांनीं धरून चालविलेलें दिसतें.

या ठिकाणीं कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांचा उल्लेख टाळतां येत नाहीं. अस्सल कागदावांचून इतिहास नाहीं, हा धडा १८९८ पासून निघालेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेनें महाराष्ट्रास दिला, आणि तो त्यांचाच. शब्द हाहि इतिहासाचा कागदच आहे, ही दृष्टीहि त्यांचीच. परंतु व्युत्पत्तीच्या क्षेत्रांत त्यांनीं स्वतःचा दंडक सैल सोडला असें आमचें मत आहे. मराठी शब्दावरून एकदम पाणिनीच्या धातूवर, किंवा पाणिनीपूर्व अशा कल्पित रूपावर, उडी घेण्याची त्यांची पद्धति त्यांच्या मागून प्रसिद्ध झालेल्या धातुकोशांत व नामादिशब्दव्युत्पत्तिकोशांत पानोपानीं दिसते. मधल्या हजार-बाराशें वर्षांचें प्राकृत त्यांत अनेक ठिकाणीं मुकें राहतें. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें १९२० सालीं मराठीच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, व ज्याचें वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ सालीं मराठी भाषांतर केलें, त्यांत पायरी पायरीनें चढण्याची शिस्त आहे. ती रुक्ष वाटते, पण तिच्यावर उभें राहतां येतें. राजवाड्यांची प्रतिभा ब्लॉकजवळ नाहीं. पण राजवाड्यांनींच इतिहासाला शिकविलेला संयम त्यांच्या व्युत्पत्तींपेक्षां ब्लॉकच्या व्युत्पत्तींत अधिक आहे, हें प्रांजळपणें म्हटलें पाहिजे.

ही शिस्त पोथ्यांच्या संग्राहकास कां हवी, हें आमच्या विषयांतीलच एका शब्दानें दाखवून लेख संपवितों. सुश्रुतानें निदानस्थानाच्या क्षुद्ररोगांत इंद्रलुप्ताची संप्राप्ति दिली आहे : वातासह पित्त केसांच्या मुळांशीं जाऊन केस पाडतें, आणि मग रक्तासह कफ तीं छिद्रें बुजवून टाकतो, म्हणून नवे केस येत नाहींत. येथें पडणें पित्ताकडे आणि न उगवणें कफाच्या ओलाव्याकडे, अशी वांटणी आहे. याच रोगाचीं पर्यायनामें देतांना सुश्रुत, माधव आणि वाग्भट यांच्या ग्रंथांत एक विचित्र शब्द येतो. तो कोठें 'रुज्या' असा, तर कोठें 'रुह्या' असा वाचला जातो. घाईच्या हातानें लिहिलेल्या ओळींत या दोन जोडाक्षरांची गल्लत होणें अशक्य नाहीं. व्युत्पत्तीवर भिस्त ठेवणारा म्हणेल, रोगाचें नांव आहे तर 'रुज्' म्हणजे पीडा हाच धातु योग्य. 'रुह्' म्हणजे उगवणें, त्याचें येथें काय काम? आणि तो लेखणी उचलून 'ह्य' चा 'ज्य' करील. पण सुलभ पाठ हा नेहमींच संशयास्पद असतो. लेखक सोप्या शब्दाचा अवघड शब्द सहसा करीत नाहीं. अवघडाचा सोपा करतो. येथें निर्णय धातूनें होणार नाहीं, जुन्या प्रतींनीं होईल.

वाग्भट त्याच ठिकाणीं सांगतो कीं दुसरे कित्येक या रोगास 'चाचा' म्हणतात. मराठींत याच रोगाला 'चाई' म्हणतात. 'सूची' याची 'सुई' होतांना दोन स्वरांमधील 'च' गळाला. 'मृत्तिका' याची 'माती' होतांना शेवटच्या 'इका'चा दीर्घ 'ई' झाला. त्याच दोन नियमांनीं 'चाचिका' अशा रूपापासून 'चाई' सरळ येते. अर्थ जुळला, ध्वनि जुळला. तरीहि 'चाचिका' हें आम्ही मानलेलें रूप आहे, लेखांत पाहिलेलें नव्हे; म्हणून वर सांगितलेली तिसरी साक्ष येथें रिकामी आहे, आणि ही व्युत्पत्ति संभाव्य या सदराखालींच ठेवली पाहिजे. ती जागा एखाद्या वैद्याच्या घरच्या बाडांतील मराठी टीपेनें, एखाद्या प्राकृत योगसंग्रहाच्या समासांतील शब्दानें भरून निघूं शकते.

नाशिकांत व गोदाकांठच्या गांवांत शास्त्रीवैद्यांच्या घराण्यांतून अष्टांगहृदय व माधवनिदान यांच्या प्रती पिढ्यानुपिढ्या लिहिल्या गेल्या. पुण्याचा आनंदाश्रम आणि भांडारकर संस्था यांनीं अशा पोथ्यांचे मोठे सांठे राखले आहेत. ज्यांच्या संग्रहीं अशी पोथी असेल त्यांनीं इंद्रलुप्ताचा श्लोक काढून पर्यायनामें जशीं लिहिलीं असतील तशीं, काना-मात्रेसह, शकासह व लेखकाच्या नांवासह उतरून घ्यावीं. समासांत मराठी प्रतिशब्द असेल तर तोहि घ्यावा. अशुद्ध वाटला तरी पाठ बदलूं नये, व हरताळ तर मुळींच लावूं नये. व्युत्पत्ति आज चुकली तर उद्यां सुधारतां येते. पोथींतील पुसलेलें अक्षर पुन्हा उगवत नाहीं.